बाजारझऱ्यावरच्या बाईचा चेहरा

१

बाजारझऱ्यावरच्या बाईचा चेहरा गळून पडला, आणि तोही पाद्रीबाईंनी 'आमेन' म्हणायच्या आत.

आधी कपाळ सुटलं. मग नाक, गाल, डोळे, सगळं ओल्या मातीसकट सावकाश खाली घसरलं आणि झऱ्याच्या दगडी कुंडीत डुबुक् करून पडलं. बँडमधला एक तुतारीवाला पाठमोरा उभा होता, तो बिचारा वाजवतच राहिला. बाकी चौकात चिडीचूप. पाऊस म्हणावा तर तोही धड नव्हता, नुसती भुरभुर.

ऑल्डर्सक्लफ हे डार्बीशायरच्या डोंगरातलं बाजाराचं गाव, आणि उन्हाळ्यात गावचे झरे सजवणं हा तिथला जिवाभावाचा सोहळा. दाराएवढा लाकडी पाट घ्यायचा, त्यावर मीठ घालून मळलेली चिकणमाती थापायची, मातीवर चित्र टोचायचं आणि त्यात रंग भरायचे ते फक्त पाकळ्यांचे, शेवाळाचे, बियांचे. मग पाट झऱ्यावर उभा करायचा, पाद्रीबाईंनी आशीर्वाद द्यायचा. आठवडाभर बसगाड्या भरभरून पाहुणे येतात. चर्चचा मनोरा चढतात, जुन्या चौकीतली कोठडी बघतात, कालव्यावर बदकांना चारतात, बाजारात चीज चाखत हिंडतात, आणि शेवटी विचारतात, 'अजून काय आहे बघण्यासारखं?' अजून काय पाहिजे ह्यांना, हत्ती?

यंदा बाजारझऱ्याच्या पाटावर एका बाईचं चित्र होतं. तर त्या पाहुण्यांच्या देखत गावाचं नाक कापलं गेलं. अगदी शब्दशः.

खालच्या झऱ्याचा म्होरक्या सॉटर सगळ्यांत आधी पुढे सरसावला. बाजारझऱ्याची फजिती म्हणजे त्याला पर्वणीच. पाटावर हनुवटीची एक कड तेवढी चिकटून उरली होती, तिच्याकडे त्याने बोट केलं.

"उलट्या! पाकळ्या उलट्या घातल्यात की! ही काय पद्धत झाली, डक?"

ह्या भागात आल्यागेल्या सगळ्यांना डक म्हणतात, मायेने आणि रागानेसुद्धा.

उलट्या म्हणजे काय ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पाकळ्या कौलांसारख्या घालायच्या. चित्राच्या खालच्या अंगाने सुरुवात करायची आणि वरची पाकळी खालचीवर चढवत न्यायची. मग पाऊस वरून ओघळून जातो. वरून खाली घालत आलात, की प्रत्येक पाकळी पाणी धरते, माती भिजते, आणि होतं ते आज झालं तेच.

"चेहरा कुणी घातला होता?" कुणीतरी विचारलं, ठाऊक असून.

"टॅम्सिनने," दुसऱ्याने सांगितलं. "चहाघरवाली. ती कॉर्नवॉलची."

हेस्टर रॅग कुंडीपाशी उभी होती. सत्तरी उलटलेली, गावच्या टपालकचेरीत आयुष्य काढलेली बाई. पाकिटावरच्या अक्षरावरून अख्खं गाव ओळखायची. चर्चमधल्या निनावी चिठ्ठ्या कुणाच्या, हे एकदा तिनेच शोधून काढलं होतं. बाजारझऱ्याचं चित्र काढण्याची पेन्सिल कितीतरी वर्षं तिच्याच हातात होती, आणि टॅम्सिनला मातीला हात लावायला तिनेच शिकवलं होतं. आज सकाळी पाट उभा राहिल्यावर वरचं ओलं कापड तिनेच ओढलं होतं आणि चेहरा बघून भर चौकात ओरडली होती, "टॅम्सिन, पोरी, जिंकलंस! इतक्या वर्षांत असा चेहरा ह्या झऱ्यावर झाला नाही! ती डोळ्यांखालची निळसर सावली तर बघ, म्यूरिएल!"

टॅम्सिन तेव्हा चहाघरात भट्टीपाशी होती. म्यूरिएल फर्निस शेजारीच होती. तिने बघितलं आणि नुसती मान हलवली.

आता तीच म्यूरिएल हेस्टरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. परकं ते परकंच. तू जीव लावलास, तिने केसाने गळा कापला."

टॅम्सिन पिठाच्या हातांनी धावत आली. कुंडीत बघितलं, पाटाकडे बघितलं आणि पांढरीफटक पडली.

"मी सुलट्याच घातल्या होत्या. हेस्टरबाई, मी सुलट्याच घातल्या होत्या!"

"मग ह्या काय आपोआप फिरल्या?" सॉटर म्हणाला आणि लोक हसले.

झऱ्यांच्या मंडळींचा एक नियम आहे, आणि तो वाकत नाही. ज्याच्या पाकळ्या गळल्या, त्याने पुन्हा मातीला हात लावायचा नाही. संध्याकाळी चहानंतर चॅपलच्या खोलीत बैठक बसेल, असं पाद्रीबाई लेसींनी जड आवाजात सांगून टाकलं.

हेस्टरचं काळीज जळत होतं. चूक झाली तर झाली, पण ही पोरगी तोंडावर खोटं बोलते? तीही आपल्याशी? डोळे पुसत ती उरलेल्या हनुवटीकडे नीट बघायला वाकली. उलट्याच होत्या. पण घाणेरड्या नव्हत्या. ओळीने, एकसारख्या, केसभर जागा न सोडता घातलेल्या. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

काल पाठ धरली म्हणून ती लवकर घरी गेली होती खरी. पण नाकापर्यंतचा चेहरा झाल्यावर. ही हनुवटी टॅम्सिनने तिच्या डोळ्यांसमोर घातली होती.

सुलटी.

२

चहाघरात एरवी ह्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आज गावातलं एक माणूस नव्हतं. दोन परगावच्या म्हाताऱ्या खिडकीत बसून स्कोन खात होत्या, त्यांना काही पत्ताच नव्हता.

"तुम्हीही मला जाब विचारायला आलात?" टॅम्सिन काउंटरमागून म्हणाली. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"बस जरा. आणि ओरडू नकोस, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक कसलं! दुपारची सगळी टेबलं रद्द झाली. पाववाला म्हणाला, उद्यापासून जमणार नाही. एका चेहऱ्यासाठी, हेस्टरबाई! तीन वर्षं ह्यांच्या म्हाताऱ्यांना मी घरपोच सूप देतेय. संध्याकाळी मला मातीवरून उठवलं, की मी हे बंद करून आईकडे जाईन. इथे कुणाच्या तोंडाकडे बघत राहू?"

पोटचं पोर नव्हतं तिला. ही पोरगी गावात आली आणि म्हातारपणी घरात दिवा लागल्यासारखं झालं होतं.

"मी गेल्यावर तू काय काय घातलंस ते सांग."

"नाक तुम्ही असतानाच झालं. मग गाल, डोळे, कपाळ. सगळं खालून वर. तुम्ही शिकवलंत तसंच. मग सगळ्यांनी मिळून पाट कोठारातच ट्रॅक्टरवाल्या आउट्रमच्या ट्रॉलीत चढवला आणि आम्ही घरी गेलो."

"आणि डोळ्यांखाली निळं कधी घातलंस?"

"कसलं निळं?"

"निळसर पाकळ्या. सावलीसाठी."

टॅम्सिन तिच्याकडे बघतच राहिली. "मी पाद्रीबाईंच्या बागेतला हायड्रेंजिया घातला. सगळा गुलाबी. मी निळं काही घातलंच नाही, हेस्टरबाई. आणायचं कुठून? ह्या गावच्या मातीत निळा हायड्रेंजिया येतो तरी का?"

येत नाही. चुनखडीची माती, तिच्यात गुलाबीच फुलतो.

म्हणजे सकाळी चौकात हेस्टरने तोंडभरून वाखाणला, तो चेहरा टॅम्सिनचा नव्हताच. कुणीतरी तिचा चेहरा खरवडून काढला होता आणि तिथे दुसरा बसवला होता.

३

निळा हायड्रेंजिया म्हटल्यावर हेस्टरच्या डोळ्यांपुढे एकच नाव आलं. सॉटरच्या खालच्या झऱ्यावर यंदा अख्खं आभाळ निळ्या पाकळ्यांचं होतं.

हेस्टर पोचली तेव्हा तो पाहुण्यांसमोर छाती फुगवून उभा होता. तिला बघून म्हणाला, "या, या! डोकं ठिकाणावर असलेला पाट बघायला आलात वाटतं."

"निळा कुठून आणलास?"

"लांबच्या नर्सरीतून. पेटी भरून. का? लागतोय का थोडा? ठिगळ लावायला?"

हेस्टरने त्याच्या आभाळाला नाक लावलं. गडद, भडक निळा. डोळ्यांखाली घातला असता तर बाईला कुणी गुद्दे घातल्यासारखं दिसलं असतं. सकाळची सावली अशी नव्हती. ती फिकी होती, जांभळटाकडे झुकणारी.

"काल संध्याकाळी आउट्रमच्या कोठारात गेला होतास?"

सॉटरचं हसू मावळलं. "म्हणजे? तुमचा चेहरा मी बिघडवला म्हणता? आमचं तुमचं वैर आहे, डक, पण ते पाकळ्यांचं. दुसऱ्याच्या मातीत मी बोट घालणार नाही. आणि घातलंच, तर उलट्या कशाला घालीन? आम्ही पाट भिंतीला टेकवून उभा करतो आणि मग भरतो. डोकं वर, पाय खाली. उलटी पाकळी घालायची तर मला शीर्षासन करावं लागेल, आणि ह्या पोटाने ते होणार आहे का, तुम्हीच सांगा!"

पोटाकडे बघून हेस्टरला पटलं. शिवाय माणूस भांडकुदळ असला तरी लबाड नव्हता. तिला राग आला तो स्वतःचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तर आपलं होत नाहीये ना, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या विचाराला तिने पुढे जाऊ दिलं नाही.

"एक सांगू?" सॉटर मागून म्हणाला, आवाज उतरवून. "हनुवटी मी जवळून बघितली. उलटी होती, पण काम नवशिक्याचं नव्हतं. अशा बारीक ओळी घालायला हात मुरावा लागतो. मघाशी मी हे बोललो नाही. लोक हसत होते ना, मजा वाटली."

४

आउट्रम कोठाराच्या दारात बादलीवर बसून पाव आणि कांदा खात होता. ट्रॅक्टर त्याचा, ट्रॉली त्याची, कोठारही त्याचंच. पाकळ्या हे बायकांचं काम, असं त्याचं जाहीर मत होतं, आणि बोटंही त्याची गाजराएवढी. त्याने एक पाकळी उचलली तर तिचा चोथाच व्हायचा.

"कुलूप लावलं होतंस का रे काल?"

"कुलूप? ह्या दाराला? माझ्या बापानेही कधी लावलं नाही. मी पबात होतो, म्हातारे. चोराने काय न्यायचं इथून, शेण?"

"पाट कसा चढवलात ते दाखव."

तो कुरकुरत उठला. रिकामी ट्रॉली तिथेच उभी होती. "पायाकडची कड पुढे, ट्रॅक्टरच्या अंगाला, ठासून. डोकं मागे, ह्या फळीकडे. म्हणजे चौकात मागून ओढला, की डोकं आधी बाहेर येतं आणि उभा करायला सोपं. दोन्ही बाजूंना हे कठडे. पाट तेवढाच रुंद, बोट घालायला जागा नाही."

"म्हणजे चढवल्यावर कुणाला चेहऱ्यापर्यंत पोचायचं असेल तर?"

"इथून. मागून. डोक्याकडून. दुसरीकडून पोचायचं तर पाखरू पाहिजे."

हेस्टरने त्याची बादली ओढून उलटी ठेवली आणि तिच्यावर चढली. आउट्रमने घाबरून तिचं कोपर धरलं. ट्रॉलीच्या फळीवर वाकून तिने हात पुढे पसरला, पाट समोर आहे असं समजून. समोर उलटा चेहरा. कपाळ आपल्या पोटाशी, हनुवटी लांब. तिचा हात आपसूक लांब गेला आणि तिथून जवळ येऊ लागला. हनुवटी, ओठ, नाक, कपाळ. तिला विचारही करावा लागला नाही. कारण ही तिचीच जागा होती. पाट आडवा असताना ती कायम डोक्याकडेच बसायची. लांबून सुरू करायचं आणि आपल्याकडे आणायचं, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

मग ह्याच जागेवर उभं राहून उलट्या पाकळ्या कुणाच्या हातून पडतील?

नवशिक्याच्या नाही. तो गोंधळेल, तर चार सुलट्या आणि चार उलट्या घालेल. ह्या सगळ्या उलट्या होत्या, आणि सुबक. हा हात मुरलेला होता. त्याला सवय होती ती स्वतःच्या पोटापासून सुरू करायची आणि लांब जायची. म्हणजे कायम पायाकडे बसणाऱ्याचा. तिथून ती सवय बरोबरच असते. तिथून जवळचं ते खालचं आणि लांबचं ते वरचं. तोच हात डोक्याकडे आला, घाईत, उभ्याने, की डोकं म्हणतं एक आणि बोटं करतात दुसरंच.

आणि बाजारझऱ्याच्या पाटावर पायाकडे कोण बसतं?

बाकीच्या बाया दोन्ही बाजूंना बसतात, आज इकडे तर उद्या तिकडे. डोक्याकडे हेस्टर. पायाकडे तिच्या समोर, लग्नाआधीपासून, नवरे आले आणि गेले तरी, एकच बाई. ती खालून वर येणार, ही वरून वाकून खाली पोचणार, आणि दोघी बरोबर चेहऱ्यापाशी भेटणार.

"म्हातारे, उतर," आउट्रम म्हणाला. "रंग उडालाय तुझा."

त्याने तिला बादलीवर बसवलं.

५

म्यूरिएलचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. मागच्या अंगणात एका जुन्या पिंपात हायड्रेंजियाचं झुडूप होतं. ह्या पिंपात ती बाहेरची माती घालायची, गंजके खिळे पुरायची आणि चहाचा चोथा ओतायची. झाडावर फिकी, जांभळट निळी फुलं यायची आणि सगळं गाव तिला त्यावरून चिडवायचं. आज झाडाची एक बाजू ओरबाडलेली होती.

हे पिंप हेस्टर रोज बघत होती. आणि सॉटरकडे निळा शोधायला गेली होती!

"ये," म्यूरिएल म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसली होती, पुढ्यात गार झालेला चहा. "इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं."

"का केलंस?"

"पेन्सिल तू तिला देणार होतीस. आज, आशीर्वाद झाल्यावर. पाद्रीबाईंच्या तोंडून निसटलं. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल. अख्ख्या जगात मला आधी ठाऊक असेल, असं त्यांना वाटलं, हेस्टर!"

हेस्टर उभीच राहिली. "तुला चित्र काढायचं होतं, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? पायाकडे बस म्हणालीस, बसले. गवत घाल, दगड घाल, अक्षरं घाल. चेहरा मात्र कायम तुझा. गेल्या वर्षी तुझे हात थरथरायला लागले, मला वाटलं, आता म्हणेल, म्यूरिएल, तू घाल. तर तू त्या कालच्या पोरीला हाक मारलीस."

"म्हणून तिचा चेहरा खरवडलास?"

"तिला बुडवायला नाही गं." म्यूरिएलने टेबलावरचे हात उलटे केले आणि त्यांच्याकडेच बघत राहिली. "मला एकदाच चेहरा घालायचा होता. एकदाच. मुद्दाम माझी निळी फुलं घातली, तुला कळावं म्हणून. मला वाटलं, तू कापड ओढशील, बघशील, आणि माझ्याकडे वळशील. गावातल्या प्रत्येकाचं अक्षर ओळखणारी बाई तू. जन्मभर माझ्या हाताकडे बघत बसलेली. तू बघितलंस आणि मोठ्याने म्हणालीस, असा चेहरा कधी झाला नाही. आणि हाक कुणाला मारलीस? टॅम्सिनला."

हेस्टरला रडू फुटत होतं आणि राग त्याच्याही वर उसळत होता.

"चुकलं माझं. पण मग गळला तेव्हा का बोलली नाहीस?"

"कोणत्या तोंडाने? जन्मात पहिल्यांदा माझ्या पाकळ्या गळल्या. त्याही उलट्या घातल्या म्हणून, पोरासोरांसारख्या. सॉटर हसत होता."

"तो टॅम्सिनला हसत होता! पोरगी रडत उभी होती आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, परकं ते परकंच. केसाने गळा कापला म्हणालीस. तू म्हणालीस, म्यूरिएल!"

म्यूरिएल एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "पावसाने गेला म्हण. तू सांगितलंस तर ऐकतील सगळे. हवं तर पोरीला पेन्सिलही दे. मला तेवढं पायाकडे बसू दे. त्या मातीशिवाय मला काय आहे सांग बरं?"

बाहेर चॅपलची घंटा झाली. हेस्टरने डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली.

६

चॅपलच्या खोलीत पाचही झऱ्यांची मंडळी दाटीवाटीने बसली होती. टॅम्सिन भिंतीशी एकटी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवलेल्या. म्यूरिएल सगळ्यांत शेवटी आली आणि दाराशी उभी राहिली.

"नियम सगळ्यांना ठाऊक आहे," पाद्रीबाई लेसी म्हणाल्या. "कुणाला काही बोलायचं असेल तर..."

"पाऊस होता," आउट्रम मागून म्हणाला. त्याने कोठारात हेस्टरचा चेहरा बघितला होता आणि त्याला बरंच कळलं होतं. "पाऊस पडला, माती सुटली. सोडा की राव!"

किती सोपं होतं. एक मान हलवली, की सगळे घरी जाणार होते. पण टॅम्सिनचं नाव मात्र उद्याही बाजारात तसंच चघळलं गेलं असतं, दबक्या आवाजात, जन्मभर. हेस्टर उठली.

"पावसाने नाही. गळला तो चेहरा टॅम्सिनचा नव्हता. तिचा सुलटा होता, हनुवटी मी बघितली आहे. नंतर तो काढून दुसरा घातला गेला, ट्रॉलीवर, डोक्याकडून. जो हात जन्मभर पायाकडे बसलाय, त्याने."

तिने नाव घेतलंच नाही. गरजच पडली नाही. बाजारझऱ्याच्या बायांनी एकेक करून दाराकडे माना वळवल्या. सॉटरने टोपी काढून मांडीवर ठेवली. टॅम्सिन रडायला लागली, पण ह्या वेळी शेजारच्या दोन खुर्च्यांवर कुणी ना कुणी येऊन बसलं.

"खरं आहे का हे, म्यूरिएल?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"खरं आहे." म्यूरिएलची नजर हेस्टरवरून हलली नाही. "मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली होती, हेस्टर. आयुष्यात एकच."

"पोरीचा बळी देऊन मागितलीस."

पाद्रीबाईंनी घसा साफ केला. नियम त्यांनाच बोलून दाखवायचा होता आणि तो बोलवत नव्हता. हेस्टरने पिशवीतून पेन्सिल काढली आणि टॅम्सिनच्या पुढ्यात ठेवली. पोरीने तिला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"मातीवरून दोघींना उठवा," हेस्टर म्हणाली.

"दोघींना? तुमच्या पाकळ्या कुठे गळल्या?"

"तिच्या गळल्या. मी जन्मभर तिच्यासमोर बसले आणि मला तिचा हात ओळखता आला नाही. मग मी तिथे बसून करत काय होते?"

म्यूरिएलने शालीचं टोक घट्ट धरलं.

"माझ्यावर उपकार करतेस?"

"नाही. तुला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही."

"मीही नाही," म्यूरिएल म्हणाली आणि बाहेर पडली.

थोड्या वेळाने हेस्टरही निघाली. चौकात पाहुणे अजून हिंडत होते. एका बाईने तिला थांबवून विचारलं, आणखी काय बघण्यासारखं आहे हो इथे? हेस्टरने तिला मनोऱ्याचा रस्ता दाखवला. दोघींची घरं एकाच गल्लीत होती. त्या दिवशी हेस्टर गल्लीत वळली नाही. कालव्याच्या काठाने लांबचा फेरा घालून ती मागच्या दाराने घरी गेली, आणि त्यानंतर रोज तसंच जात राहिली.